संदर्भ विभागात नवे आहात? सोलापूरच्या वाचनालयांसाठी फुकट ऑनलाइन साधनांची वाट

ग्रंथालयात नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिंकांची लांबलचक यादी पाठवतं. ती तारांकित होते आणि पुन्हा कधी उघडली जात नाही, कारण काउंटरपुढचा माणूस प्रश्न घेऊन आलेला असतो आणि यादीत कुठून हात घालायचा हेच कळत नाही. म्हणून इथे जिल्ह्यातल्या वाचनालयांत जे प्रश्न खरोखर येतात, त्यांच्या वाटेनं साधनांपर्यंत जाऊ. सगळी साधनं फुकट आहेत, काही ठिकाणी ईमेल देऊन खातं तेवढं उघडावं लागतं. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान, असलं आणि संगणक एकच असला तरी चालेल. युनिकोड मराठी टंकलेखन मात्र आलंच पाहिजे. ते येत नसेल तर आधी ते शिका, बाकीचं नंतर.

पहिली पायरी: प्रश्न उलगडून घ्या

"सोलापूरचा इतिहास पाहिजे" असं कुणी म्हणालं की लगेच कीबोर्डकडे वळू नका. कशासाठी पाहिजे, कोणत्या काळातला, कोणत्या भाषेत चालेल, एवढं विचारा. नववीतल्या पोराला प्रकल्पाला दोन पानं हवी असतात, एमपीएससीवाल्याला तारखा हव्या असतात, आणि एखाद्या आजोबांना वडील ज्या गिरणीत होते तिच्याबद्दल वाचायचं असतं. तिघांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी आहेत.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे तर विचारावाच लागतो. पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोट नि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शिवाय उर्दू वाचणारे सभासद. मराठी पुस्तकांचं वाचनालय म्हणून त्यांना परत पाठवू नका. उर्दूसाठी 'रेख्ता'वर शब्दकोश आणि स्कॅन केलेली पुस्तकं आहेत, कन्नड-इंग्रजीसाठी 'अलर' नावाचा खुला कोश आहे, तेलुगूसाठी 'आंध्रभारती'वर बरेच निघंटू, म्हणजे शब्दकोश, एकत्र शोधता येतात. तीन बुकमार्क ठेवले की काम भागतं.

दुसरी पायरी: ब्राउझरमध्ये कप्पे करा

बुकमार्क फोल्डरना संकेतस्थळांची नावं देऊ नका, प्रश्नांची द्या: शब्द, माणूस-गाव-घटना, सरकारी कागद, परीक्षा, शेती, संशोधन, तालिका (ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची). तुम्ही रजेवर असताना शिपाईभाऊ काउंटरवर बसले तरी त्यांना कळलं पाहिजे कुठे उघडायचं. प्रत्येक कप्प्यात चारपेक्षा जास्त दुवे ठेवू नयेत असं माझं मत आहे. पाचवा हवासा वाटला तर आधीच्या चारांतला एक काढा.

शब्दांचे प्रश्न

शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियाई भाषांचे कोश ऑनलाइन ठेवले आहेत. त्यात मराठीचे मोल्सवर्थ (1857ची आवृत्ती), दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', वझे, आणि तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. देवनागरीत शब्द टाकून शोधता येतं. नुसत्या शीर्षशब्दात शोधायचं की नोंदीच्या सगळ्या मजकुरात, याचा पर्याय तिथे असतो आणि नवखे तो बघतच नाहीत. शब्द सापडला नाही की पूर्ण मजकुरात शोधा. म्हणी आणि वाक्प्रचार बहुतेक वेळा दुसऱ्याच शब्दाच्या नोंदीत दडलेले असतात.

कोणता कोश कधी, हे ठरवायला काळ बघा. पंढरपूरकडच्या वाचनालयात ज्ञानेश्वरीतला शब्द विचारायला लोक येतात. त्यासाठी तुळपुळे-फेल्डहाऊस आधी उघडा, तो त्याच काळाच्या मराठीचा आहे, फक्त अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत. तुकोबांच्या अभंगातला शब्द असेल तर दाते-कर्वे आणि मोल्सवर्थ जास्त उपयोगी पडतात. सरकारी पत्रातला बोजड शब्द असेल तर या चारांपैकी कशातही वेळ घालवू नका. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, 'पदनाम कोश' आणि 'प्रशासन वाक्प्रयोग' धरून. कार्यालयातून आलेला वाचक तेवढ्यावर खूश होऊन जातो.

विश्वकोश आणि विकिपीडिया

मराठी विश्वकोशाचे वीसही खंड ऑनलाइन वाचता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईतून सुरू झालेलं हे काम. पहिला खंड 1976 साली आला, विसावा 2015 साली. ही दोन सालं पाठ करा. कारण एखाद्या नोंदीत लोकसंख्या, उत्पादन किंवा जिल्ह्यांची संख्या दिली असेल, तर ती त्या खंडाच्या काळातली आहे. संकल्पना, व्याख्या, चरित्र, शास्त्रीय माहिती यांसाठी विश्वकोश उत्तम. आजचा आकडा त्यातून देऊ नका. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. तेही वाचकाला लिहून द्या, प्रकल्पाच्या वहीत शोभून दिसतं.

विकिपीडियाला नाक मुरडणारे ग्रंथपाल मी बरेच पाहिलेत आणि तेच गुपचूप तो उघडतात. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, लेखांचा दर्जा फार खालीवर आहे. माझी पद्धत अशी: लेख भरभर वाचायचा, तळाच्या संदर्भांवर जायचं आणि उत्तर त्या संदर्भातून द्यायचं. तळाला संदर्भच नसतील तर तो लेख वाचकापुढे ठेवायचा नाही.

गावचे प्रश्न: इथे थोडं थांबू

आपल्या वाचनालयाची खरी परीक्षा इथे होते. जगातली माहिती वाचक स्वतःच्या मोबाइलवर शोधतो. माढ्याची, मंगळवेढ्याची, आपल्या चौकाची माहिती शोधायला तो तुमच्याकडे येतो.

एक प्रश्न नमुन्याला घेऊ. जानेवारी आला, गड्ड्याची यात्रा भरली, की शाळांमधून पोरं येतात: "सर, चार हुतात्म्यांना फाशी कधी दिली?" उत्तर आहे 12 जानेवारी 1931, येरवडा तुरुंगात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन. शहरात लष्करी कायदा लागला तो आधीच्या वर्षी, मे 1930 मध्ये, आणि ही दोन सालं एकमेकांत सहज मिसळतात. म्हणून अशा तारखेला दोन ठिकाणांचा आधार घ्या.

कुठे बघायचं? गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. नवखा माणूस 'सोलापूर गॅझेटियर' असं शोधतो आणि पहिलं जे येतं ते उघडतो. बऱ्याचदा ते असतं 1884चं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड. त्यात 1930 कुठून सापडणार! स्वातंत्र्यानंतरचं सुधारित जिल्हा गॅझेटियर 1977चं आहे, ते राज्याच्या दर्शनिका विभागानं ऑनलाइन ठेवलं आहे. घटना विसाव्या शतकातली असेल तर ते. उलट एकरुख तलाव, जुन्या पेठा, विणकरांचे माग, दुष्काळ, त्या काळचे बाजारभाव असा विषय असेल तर 1884च्या खंडाला तोड नाही. तो 'इंटरनेट आर्काइव्ह' या जुन्या पुस्तकांच्या खुल्या संग्रहावर पूर्ण स्कॅन केलेला मिळतो. दोन्ही इंग्रजीत आहेत, त्यामुळे वाचकासोबत पाच मिनिटं बसून त्याला परिच्छेद समजावून द्यावा लागतो. तीही संदर्भसेवाच.

आणखी खोलात जायचं असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल आहे. खातं उघडलं की ब्रिटिश काळातल्या सरकारी फायली घरबसल्या शोधता येतात. पुष्कळ फायली स्कॅन स्वरूपात वाचताही येतात, काहींची मात्र नुसती नोंद दिसते. इथे शोधताना एक गोष्ट केलीच पाहिजे. इंग्रजीत सोलापूर आज जसं लिहितो तसं टाकलं तर फारसं हाती लागत नाही. त्या कागदांत सुरुवातीच्या 'एस'नंतर 'एच' आहे, म्हणजे 'शोलापूर'. तसंच मुंबईसाठी 'बॉम्बे', पुण्यासाठी 'पूना', बार्शीसाठी 'एच' नसलेली 'बार्सी'. गॅझेटियर, इंटरनेट आर्काइव्ह, जुनी वर्तमानपत्रं, सगळीकडे हेच. आपल्या तालुक्यातल्या गावांची जुनी इंग्रजी रूपं एका कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवून टाका.

जुन्या मराठी मजकुराचंही तसंच. 1962च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकात 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार असतात, त्यामुळे आजच्या पद्धतीनं शब्द टाकला तर शोध रिकामा येतो. अनुस्वार लावून एकदा, न लावता एकदा, असं दोनदा शोधा. आणि पीडीएफ मराठीतच दिसतेय पण त्यात शोध लागत नाही, कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात, असं झालं तर ती फाइल जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये बनलेली आहे असं समजा. सरकारी पीडीएफमध्ये हे फार आढळतं. तिथे अनुक्रमणिका बघून पान गाठण्यावाचून इलाज नाही.

गावनिहाय आकडे हवे असतील तर जनगणनेची जिल्हा पुस्तिका. तिच्या पहिल्या भागात प्रत्येक गावात शाळा, पाणी, रस्ता, दवाखाना अशा सोयी आहेत का याची सूची असते, दुसऱ्यात गावाची लोकसंख्या आणि साक्षरता. 2011 साली जिल्ह्याची लोकसंख्या 43,17,756 होती. गावपातळीवर प्रसिद्ध झालेला पूर्ण आकडा तोच आहे, त्यामुळे उत्तर देताना साल सांगितल्याशिवाय आकडा सांगू नका. त्याच्या जोडीला राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' बघा. अकराही तालुक्यांचे पाऊस, पिकं, सिंचन, कारखाने यांचे तक्ते त्यात मिळतात, आणि ग्रामपंचायतीचे सदस्य नेमकं हेच विचारायला येतात.

चादरीबद्दलचा प्रश्न तर ठरलेला. सोलापुरी चादर, सोलापुरी टेरी टॉवेल, सोलापूरचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे. ही नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते आणि तिच्या संकेतस्थळावर नाव टाकून अर्ज कुणी केला, नोंद कधी झाली हे बघता येतं. बातमीच्या कात्रणापेक्षा हे पक्कं.

सरकारी कागद

शासन निर्णय शोधायचा तर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख आणि विषयातला शब्द टाकून शोध घेता येतो. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो. वाचकाकडे अर्धवट झेरॉक्स असली तरी तो आकडा शाबूत असेल तर मूळ कागद लगेच निघतो. आपल्या स्वतःच्या कामासाठी लक्षात ठेवा: ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे येतं, त्यामुळे अनुदानाचा किंवा वर्गबदलाचा निर्णय शिक्षण विभागात शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. आपला 1967चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि इतर कायदे 'इंडिया कोड' या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावर आहेत.

सातबारा बघायला येणारेही भेटतील. बिनसहीचा उतारा बघणं फुकट आहे, डिजिटल सहीच्या उताऱ्याला शुल्क पडतं. वाचकाला शोधून द्या, पण त्याचा पासवर्ड, ओटीपी तुमच्या हातानं टाकू नका.

परीक्षावाले

अभ्यासिकेतल्या पोरांना क्लासवाल्यांच्या नोट्स खूप मिळतात, मूळ साधनं कमी माहीत असतात. बालभारतीच्या ई-लायब्ररीत पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आहेत, एनसीईआरटीचीही पुस्तकं तशीच. लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्याच संकेतस्थळावर. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी मराठीत येते. राज्य शासनाच्या 'लोकराज्य' मासिकाचे अंक फुकट उतरवता येतात. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची पत्रकं मराठीत वाचता येतात. पुरे.

शेती

सांगोल्याचा शेतकरी डाळिंबाचं डागाळलेलं फळ पिशवीत घालून वाचनालयात येतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "ह्ये तेल्याच हाय का बघा की जरा." तुम्ही बघायचं नाही. रोग ओळखणं आपलं काम नाही. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच शहराजवळ केगावला आहे आणि त्याच्या संकेतस्थळावर तेल्यासकट रोगांबद्दल, बहार व्यवस्थापनाबद्दल पुस्तिका नि सल्ले आहेत. त्यातलं योग्य पान छापून द्या, केंद्राचा पत्ता द्या, आणि फळ तिकडेच दाखवायला सांगा. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश'वर मिळतात, पण ते विद्यार्थ्यांना. शेतकऱ्याला दोनशे पानी प्रबंध देऊन उपयोग नाही. आरोग्याच्या प्रश्नालाही हाच नियम: 'मेडलाइनप्लस'सारखं सार्वजनिक संस्थेचं पान दाखवा, औषध सुचवू नका.

संशोधन करणारे

पीएच.डी.वाल्यांसाठी गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' संस्थेचं 'शोधगंगा' हे प्रबंधांचं भांडार. सोलापूरबद्दलचा प्रबंध शोधताना विद्यापीठाच्या नावात अडकू नका. सोलापूर विद्यापीठ 2004 साली झालं, 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर' हे नाव त्यानंतर लागलं, आणि त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणून जुने प्रबंध तिकडे शोधा. प्रत्येक प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. सगळ्यात आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. कुणीतरी चार-पाच वर्षं खपून जमवलेली पुस्तकांची यादी तुम्हाला आयती मिळते, आणि त्यातली काही पुस्तकं तुमच्याच कपाटात निघतात.

आयआयटी खरगपूरनं उभी केलेली 'राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी' मोठी आहे, पण तिथे नोंद दिसली म्हणजे पुस्तक तिथेच आहे असं नाही. ती पुष्कळदा दुसऱ्या भांडाराकडे नेते आणि काही ठिकाणी दार बंद असतं. कुणाला वापर खुला आहे हे नोंदीत लिहिलेलं असतं, वाचकाला आशा लावण्याआधी ते वाचा. इंग्रजी नियतकालिकांसाठी खुल्या नियतकालिकांची निर्देशिका 'डीओएजे' पुरेशी आहे. मराठी पुस्तकांसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. हा ठेवा इतका चांगला असून इतका कमी वापरला जातो याचं मला नेहमी नवल वाटतं.

पडद्यामागचं काम: वर्गांक आणि तालिका

देणगीत आलेली खोकी उघडून दाखल नोंदवहीत चढवताना वर्गांकापाशी, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाला द्यायच्या आकड्यापाशी, गाडी अडते. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते, पण दुसऱ्यांनी दिलेला वर्गांक बघायला पैसे पडत नाहीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची तालिका सगळ्यांना खुली आहे आणि तिचं दिल्लीतलं कार्यालय 1962 पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेत असल्यामुळे मराठी पुस्तकं तिच्यात भरपूर आहेत. नोंद उघडून 'मार्क' स्वरूपात, म्हणजे ग्रंथालयांच्या ठरलेल्या संगणकी साच्यात, बघा. 082 क्रमांकाच्या रकान्यात दशांश वर्गांक असतो. मराठी नोंदींत तो सगळीकडे भरलेला नसतो. नसेल तर त्याच विषयाचं दुसरं पुस्तक बघा. मराठी साहित्य 891.46 मध्ये, कविता 891.461, नाटक 891.462, कादंबरी-कथा 891.463, एवढं तर पाठच असू द्या.

तिथे मराठी नावं रोमन लिपीत त्यांच्या नियमांनी लिहिलेली असतात, आणि तिथेच नवखे हरतात. 'च'साठी ते नुसता 'सी' वापरतात, 'सीएच' म्हणजे 'छ'. शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ'ही लिहितात. म्हणजे 'चव्हाण' शोधायचं तर सी, ए, व्ही, एच, ए, एन, ए. अक्षरांवरच्या रेघा-टिंबं टाकली नाहीत तरी चालतं. पुस्तकाच्या मागे आयएसबीएन असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो, आधी तोच टाका. तिथे न मिळाल्यास जगभरच्या ग्रंथालयांची एकत्र तालिका 'वर्ल्डकॅट', आणि भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी 'इंडकॅट'.

जुन्या प्रशिक्षणाच्या टिपणांत वर्गांक सुचवणाऱ्या 'क्लासिफाय' नावाच्या सेवेचा उल्लेख सापडेल. ती जानेवारी 2024 मध्ये बंद झाली, शोधत बसू नका. संगणकीकरणासाठी 'कोहा' किंवा एनआयसी या केंद्र सरकारी संस्थेचं 'ई-ग्रंथालय' ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. कोहात दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद थेट आपल्याकडे ओढून घेता येते, पण त्याला सांभाळणारा माहीतगार माणूस लागतो. गावात तसा माणूस नसेल तर ई-ग्रंथालय बरं.

दोन सावधगिऱ्या

पहिली पीडीएफची. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो. हयात लेखकाची कादंबरी स्कॅन होऊन टेलिग्रामवर फिरतेय म्हणून ती फुकट साधन ठरत नाही. वाचनालयाच्या ग्रुपवर तर ती टाकूच नका.

दुसरी चॅटबॉटची. वाचक आता त्याच्याकडून पुस्तकांची यादी घेऊनच येतात. त्यातली काही पुस्तकं कधी लिहिलीच गेलेली नसतात. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक हवेतलं. "आमच्याकडे नाही" म्हणण्याआधी वर्ल्डकॅटवर आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसवर नाव टाकून बघा. दोन्हीकडे नसेल तर वाचकाला यादी कुठून आणली ते विचारा.

शेवटची पायरी: प्रश्नांची नोंदवही

दोनशे पानी वही घ्या. तारीख, प्रश्न, उत्तर, कुठे सापडलं, किती वेळ लागला, असे पाच रकाने आखा. सभासदाचं नाव लिहू नका, त्यानं काय विचारलं हा त्याचा खाजगी मामला आहे. वाचकाला उत्तर देताना चिठ्ठीवर साधनाचं नाव, खंड किंवा पान आणि पाहिल्याची तारीख लिहून द्या. सहा महिन्यांनी वही चाळलीत की कोणते प्रश्न परत परत येतात ते दिसेल. त्यांची उत्तरं संगणकात एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. दोन्ही गॅझेटियर, जनगणना पुस्तिका, समालोचन, आपल्या कामाचे शासन निर्णय हेही त्यातच. मे महिन्यात दुपारी वीज जाते, नेट जातं, आणि सरकारी संकेतस्थळांचे पत्ते न सांगता बदलतात.

दुवा मेला असेल तर तोच पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाका, जुनं पान पुष्कळदा तसंच्या तसं मिळतं. आणि दर तीन महिन्यांनी, सभासद कमी असतात अशी एखादी सकाळ बघून, सगळे बुकमार्क एकेक करून उघडून बघा.